साखळीतली तीन कुलपं

माझा मुलगा रॉइस त्या दिवशी माझ्या टेबलावर टोपी घालून जेवायला बसला. थँक्सगिव्हिंगचं जेवण, सगळं घर वर्षातून एकदा एकत्र येतं ते. टेबलावर माझ्या सासूनं, हॅटीनं, स्वतः विणलेलं कापड, आणि हा पन्नाशी उलटलेला बाप्या डोक्यावर धुळकट टोपी ठेवून टर्की कापतोय. बरं, कापतोय तेही प्रार्थनेच्या आधी. माझ्या घरात टोपी दारामागच्या खुंटीला लागते. ह्याचा बाप हार्लन तापानं फणफणलेला असला तरी उंबऱ्यात टोपी काढायचा, आणि हार्लन काही फार रीतभात पाळणारा माणूस होता असं माझं म्हणणं नाही.

मी बोलले नाही. मी बोलत नाही तेव्हा आमच्या घरातली माणसं जरा बेतानंच चावतात. पण रॉइस मान खाली घालून कापतच राहिला, आणि टोपीची कड अशी पुढे ओढलेली की त्याचे डोळे मला दिसू नयेत. तेवढ्यासाठीच ती टोपी होती. आईला तेवढं कळतं.

मी गप्प होते, कारण सकाळीच मी फाटक बघून आले होते.

आमच्या जमिनीमागचं खोरं सरकारचं आहे, पण त्यात शिरायला तोंड एकच आणि ते आमच्या जमिनीतून. दोन्ही बाजूंना कडे, मधून कोरडा ओढा, ओढ्याच्या तोंडावर फाटक. हॅटीनं ते बसवलं, मी ते राखलं. मोहावीच्या वाळवंटात चहूकडे चाकांनी जमिनीची चाळण झाली, पण ह्या खोऱ्यात कधी गाडी शिरली नव्हती. ओढ्याच्या काठांत कासवांची बिळं, वर कड्यांवर रानमेंढे, आणि मधलं सगळं पठार काळ्या दगडांनी असं बसवलेलं की जणू कुणी हातानं एकेक लावलाय.

फाटकाच्या साखळीची दोन टोकं तीन कुलपांनी जोडलेली असतात. आधी माझं, त्यात अडकवलेलं माझ्या मुलीचं, मॅक्सीनचं, त्यात रॉइसचं, आणि मग साखळीचं दुसरं टोक. तिन्ही आकड्यांची कुलपं, आणि ज्याचा आकडा त्याला ठाऊक. कुठलंही एक उघडलं की साखळी सुटते. इकडे सगळ्या फाटकांना हीच पद्धत आहे, म्हणजे किल्लीसाठी कुणाचं दार वाजवायला नको. फक्त बंद करताना आपलं कुलूप शेजारच्याच्या कुलपात पुन्हा ओवायचं. ते न करता थेट साखळीच्या कडीत अडकवलंत, तर फाटक बंद होतं, पण बाकीच्यांची कुलपं बाहेर लोंबत राहतात. त्यांनी ती उघडली काय नि ठेवली काय. हार्लननं पोरांना बुटाची नाडी बांधायच्या आधी हे शिकवलं होतं. मुलं जाणती झाली तेव्हा मी प्रत्येकाला एक कुलूप दिलं. दागिने नव्हते माझ्याकडे द्यायला.

त्या सकाळी काय झालं ते मॅक्सीनच्या तोंडून ऐकलंय, म्हणून तिच्या बाजूनंच सांगते.

मॅक्सीन फाटकापासून हाकेवर, चाकांवरच्या घरात एकटी राहते. केस पुरुषासारखे कापलेले, लग्न केलं नाही, कॉलेजातल्या लोकांना घेऊन कासवं बघत हिंडते. आदल्या रात्री ती सणाचं गोड भाजायला माझ्याकडे आली होती. भोपळ्याचे पाय, म्हणजे गोड सारण भरलेले. ती माझ्याकडेच झोपली. सकाळी परत गेली तेव्हा तिला खोऱ्यातून इंजिनांचा आवाज आला. आधी वाटलं विमान असेल. मग ओढ्यावर उभा राहिलेला धुळीचा पडदा दिसला.

ती फाटकाशी धावली. फाटक बंद. तिनं आपलं कुलूप धरलं, आकडा फिरवला, उघडलं, आणि ते नुसतंच तिच्या हातात आलं. साखळी होती तशी. तिला काही क्षण काय झालंय हेच समजेना. पिकअप बाहेर टाकून ती फाटकावरून चढली आणि त्या कोरड्या ओढ्यातून पायी निघाली, साठीला टेकलेली बाई. वळणावर पोचते तोवर ते समोरून येत होते. वाळूत पळवायच्या बग्ग्या, मोटरसायकली, उघड्या सांगाड्यांच्या गाड्या, मागे झेंडे फडफडताहेत. सगळ्यांची तोंडं फडक्यांनी बांधलेली, डोळ्यांवर चष्मे. ती मधोमध उभी राहिली, दोन्ही हात पसरून. ते काठांवर चढून तिच्या दोन्ही बाजूंनी गेले. एकानं तर तिला हात हलवला.

"आई, हात हलवला," ती मला पुन्हा पुन्हा सांगत होती. "ओळखीचं असल्यासारखा."

ती परत फाटकाशी आली तेव्हा ते निघून गेले होते, आणि फाटक पुन्हा तसंच बंद होतं. ती पुन्हा चढली, आपलं कुलूप होतं तिथे परत अडकवलं आणि मला घ्यायला आली.

मी फाटकाशी गेले, वाकले, साखळी हातात घेतली. काही तोडलेलं नाही. माझं आणि मॅक्सीनचं कुलूप एकमेकांत अडकून बाहेर लोंबत होतं, वाळलेल्या मिरच्यांसारखं. साखळीची दोन टोकं धरून होतं ते फक्त रॉइसचं.

मॅक्सीन म्हणाली, "रॉइसचं आहे."

मी म्हटलं, "कुलूप रॉइसचं आहे. हात रॉइसचा नाही."

रॉइसनं झोपेतसुद्धा असं लावलं नसतं. हे लावणारा माणूस इथला नव्हता, आणि त्याला आकडा देणारा इथलाच होता. मी मॅक्सीनला म्हटलं, टेबलावर रॉइसचं नाव काढायचं नाही. त्याला स्वतः बोलू दे.

"आणि नाही बोलला तर?"

"बोलेल. माझा मुलगा आहे."

तेव्हा मला तशी खात्री होती.

आता सोमवारचं. सोमवारी जमीन खात्याचा माणूस खोरं बघायला येणार होता. ज्या खोऱ्यात गाडीची वाट नाही ते कायमचं बंद करायचं आणि रानाला सोडायचं, आणि जिथे वाट दिसेल ती वाट मानून सगळ्यांना खुली करायची, असा त्यांचा नियम ठरला होता. खुली म्हटली की आमचं फाटकही खुलं ठेवावं लागणार, जमीन आमची असली तरी. मॅक्सीन कित्येक वर्षं ह्या सोमवारची वाट बघत होती. दर सभेला जाऊन बसायची, लोक तिला कासवबाई म्हणायचे, ती ऐकून घ्यायची. सगळ्या मोहावीत एवढं एकच खोरं राहिलं होतं आणि ते तिच्या दारात होतं. आणि आता त्यात चाकोऱ्या होत्या, अगदी तळापर्यंत.

तर जेवण. आमच्याकडे पहिला घास घेण्याआधी प्रत्येकानं कशाबद्दल आभार मानायचे ते सांगायचं असतं. कॉनी, रॉइसची बायको, उतावीळच होती. तिनं टेबलावर एक जास्तीचं ताट मांडलं होतं आणि खिडकीकडे बघत होती.

"मी आभार मानते की माझा ब्रोडी येतोय," ती म्हणाली. "स्वतः फोन केला त्यानं, आई. मी केला नाही, त्यानं केला. बुधवारीच येतो म्हणाला, मित्रांबरोबर तळ ठोकतो आणि जेवायला येतो."

ब्रोडी तिचा एकुलता एक. लॉस एंजेलिसला असतो. बापाशी वाजलं होतं, आणि तेव्हापासून सणाला येत नव्हता. कॉनी गेली काही वर्षं सणाच्या दिवशी भांडी घासताना रडायची आणि विचारलं की म्हणायची कांदा लागला. त्या दिवशी तिनं ओठांना लाली लावली होती. मी हे सांगते कारण तिच्याबद्दल मी पूर्वी बरंच वाईट बोललेली आहे आणि पुढेही बोलेन, पण त्या दिवशी ती बाई आनंदानं उजळली होती.

मग मॅक्सीनची पाळी. मॅक्सीन म्हणाली, "माझं ह्या वर्षी काही नाही."

"अगं असं काय? कशाबद्दल तरी मान."

"कॉनी, खोऱ्यात गाड्या घुसल्या. तुला सांगितलंय मी."

"हो, ते ऐकलं. वाईट झालं." कॉनीनं रुमाल नीट केला. "पण मी काय म्हणते, कुलूप तोडलेलं नाही ना? मग ज्याच्याकडे आकडा आहे त्याच्याकडूनच गेलं. आई तर उघडणार नाहीत. रॉइस महिनोन् महिने फाटकाकडे फिरकलेला नाही. मग उरलं कोण?"

"नाव घे ना सरळ."

"मी कशाला घेऊ? तुझ्याकडे ती कॉलेजची पोरं असतात, शेळीसारख्या दाढ्यांची. तू त्यांच्यासमोर आकडा फिरवतेस. बघितला असेल एखाद्यानं."

"माझं कुलूप बाहेर लोंबतंय! मी किंवा माझ्या माणसानं उघडलं असतं तर माझंच कुलूप बाहेर कसं राहिलं असतं?"

"मला तुमचं ते साखळीचं काही कळत नाही बाई. मी गावातली." कॉनी हसली आणि बीन्सचं भांडं पुढे सरकवलं. "पण इतकी वर्षं तूच सगळ्यांना आत नेतेस. कासवं दाखवायला असो की कशाला असो, तूच नेतेस. आम्ही कधी माणूस नेला?"

मॅक्सीननं माझ्याकडे बघितलं. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. तिनं मला शब्द दिला होता म्हणून तिनं रॉइसचं नाव घेतलं नाही, आणि मी रॉइसकडे बघत होते म्हणून मी गप्प राहिले. कॉनीला साखळीचं कळत नव्हतं, पण रॉइसला कळत होतं. मॅक्सीनचं कुलूप बाहेर लोंबतंय हे ऐकल्या क्षणी त्याला सगळं कळलं होतं. मला त्याच्या कानशिलातली शीर दिसली. आता टोपी काढेल, आता म्हणेल, आई, माझं कुलूप.

त्यानं बीन्स वाढून घेतले.

"जेवा आता," तो म्हणाला. "गार होतंय."

"तुझी पाळी राहिली," मी म्हटलं. "आभाराची."

"पुढच्याला विचार, आई."

पुढची मीच होते. मी म्हटलं, "मी शेवटी सांगेन. माझं अजून ठरलेलं नाही."

तेवढ्यात बाहेर गाडी थांबली आणि कॉनी खुर्ची पाडून उठली.

ब्रोडी दार पायानं ढकलून आत आला, कारण त्याचे दोन्ही हात गुंतलेले होते. छातीशी त्यानं एक कासव धरलं होतं, मोठं, म्हातारं, टोपल्याएवढं. पोरगं दिसायला हार्लनसारखं, तेच कान, तोच तो वेड्यासारखा आनंद. नखांतून रक्त येत होतं. शर्ट पुढून पार ओला.

"आजी, बघ! जिवंत आहे! काठ ढासळला होता त्याच्यावर. हातानं उकरून काढलं मी. आत्या, तुझ्यासाठी आणलं!"

मॅक्सीन उठली. "खाली ठेव."

"अगं थांब, ते बघ कसं पाय..."

"ब्रोडी. तुझा शर्ट कशानं ओला झाला?"

"मुतलं ना मेलं माझ्यावर!" तो हसत सुटला. "उचललं मात्र, केवढं! घोड्यासारखं! मला वाटलं संपणारच नाही."

तो सगळ्यांकडे बघून हसत राहिला आणि मग त्याला जाणवलं की कुणीच हसत नाहीये. कॉनी हसायला बघत होती, पण तीसुद्धा इथे लग्न होऊन इतकी वर्षं राहिली होती. साखळीचं कळत नसेल, पण एवढं तिला माहीत होतं.

कासव पाणी पितं ते पाऊस पडला तर. ते पाणी ते पोटात जपून ठेवतं, हिवाळाभर, पुढचा सगळा उन्हाळाभर, पुढचा पाऊस पडेतो. त्याच्याकडे दुसरं काही नसतं. माणसानं उचललं की ते भेदरतं आणि सगळं सोडून देतं. इथल्या पोराला चालता यायला लागलं की पहिली चापट ह्यासाठी बसते, कासव उचललं म्हणून. ब्रोडी शाळेसाठी गावात, कॉनीच्या माहेरी वाढला, इथे सुट्टीपुरता यायचा. त्याला ही चापट कुणी मारली नाही.

मॅक्सीननं त्याच्या हातातून कासव घेतलं नाही, त्याचेच हात धरून हळूहळू खाली नेले आणि जमिनीवर टेकवले. कवचाला कडेनं तडा गेला होता.

"बाळ," मी म्हटलं, "काठ ढासळला हे तुला कसं समजलं?"

त्यानं बापाकडे बघितलं.

रॉइस म्हणाला, "फिरायला गेला असेल. पायी."

खोऱ्याबद्दल माझ्या मुलाचं त्या दिवशीचं हे पहिलं वाक्य.

"पायी," मी म्हटलं. "ब्रोडी, फाटकाचं कुलूप कसं लावलंस?"

"नीट लावलं, आजी!" पोराच्या तोंडावर उजेडच पडला, शाबासकी मिळेल तसा. "जाताना आणि येताना, दर वेळी. ओढून बघितलं, जरा हललं नाही. बाबा म्हणाले होते ना, काही कर पण फाटक उघडं टाकू नकोस." मग मॅक्सीनकडे वळला. "आत्या, मी हात केला तुला, तू ओळखलंच नाहीस. बाकीचे थांबले नाहीत म्हणून मीही... पुढे गेल्यावर मला वाईट वाटलं, म्हणून एकटाच खोऱ्यात परत आलो, तर तू गेली होतीस आणि हे मातीत दिसलं. आम्हाला नुसतं एकदा बघायचं होतं गं. कायमचं बंद व्हायच्या आधी. मी चार मित्रांना सांगितलं, त्यांनी आणखी कुणाला. एवढे जण येतील असं मला वाटलंच नाही."

घरात आवाज फक्त कासवाचा. त्याची नखं लाकडी फरशीवर घासत होती, एका जागी.

कॉनी रॉइसकडे वळली. आवाज चढवला नाही तिनं. "तू मला मॅक्सीनला बोलू दिलंस," ती म्हणाली. "माझ्या तोंडून बोलवून घेतलंस. आणि बीन्स खाल्लेस."

मग ती आत गेली. नळ सोडल्याचा आवाज आला. टर्कीचं मोठं परातीसारखं भांडं घासून, कोमट पाणी भरून तिनं आणलं आणि मॅक्सीनच्या शेजारी गुडघ्यांवर बसली. दोघींनी मिळून कासव पाण्यात ठेवलं. पाणी नाकपुड्यांखाली राहील इतकंच. कधीकधी पितं म्हणे ते असं. आम्ही सगळे बघत बसलो. त्यानं मान आत ओढली ती ओढलीच.

"गारठलंय," मॅक्सीन म्हणाली. "ह्या दिवसांत ते झोपेत असायला हवं होतं."

"झोपेल ना मग आता?" ब्रोडीनं विचारलं. "परत नेऊन सोडू?"

"कुठे सोडतोस? बीळ आहे का?"

ब्रोडी त्याच्या आजोबाच्या खुर्चीत बसला आणि त्यानं ओला शर्ट मुठीत धरला. पोराला रडताना बघून कॉनीनं त्याला हात लावला नाही, आणि मला वाटतं, तिनं आयुष्यात केलेलं ते सगळ्यात अवघड काम असेल.

दुपारी आम्ही दाताळी घेऊन गेलो. कल्पना रॉइसचीच. "सोमवारला वेळ आहे," तो म्हणाला, "पुसून काढू." त्यानं कोठारातली होती नव्हती ती सगळी दाताळी, झाडू पिकअपमध्ये टाकले. मला पुढच्या सीटवर बसवलं, हात धरून, काचेची बाहुली असल्यासारखं. फाटकाशी तो उतरला, आपलं कुलूप उघडलं, आणि आम्ही पलीकडे झाल्यावर बंद करताना त्यानं ते मॅक्सीनच्या कुलपात व्यवस्थित ओवलं. मी आरशातून बघत होते. त्याला किती वेळ लागला तेवढं करायला!

मी आत गेल्याला बरीच वर्षं झाली होती. पाय चालत नाहीत. जायला नको होतं.

ओढ्यात तरी वाळू होती. वाळूतल्या चाकोऱ्या दाताळ्यानं पुसल्या जातात. पण ते ओढ्यात राहिलेच नव्हते. काठांवर चढले होते, उड्या मारल्या होत्या, जिथे चढले तिथे काठ बसला होता आणि बिळांची तोंडं मातीखाली गेली होती. एकेका काठात किती जण झोपले होते ते मॅक्सीनला ठाऊक होतं. तिनं एका ठिकाणी उकरायला घेतलं आणि मग सोडलं. पलीकडे पठारावर तर त्यांनी गोल गोल फेर घातले होते, मोठी चक्रं, एकात एक.

पठारावरचे दगड वरून काळे असतात. तो काळेपणा यायला किती युगं लागतात ते देव जाणे. खालची बाजू फिकी, जवळपास पांढरी. चाकानं दगड उलटले की पांढरा पट्टा उमटतो, कड्यावरूनसुद्धा दिसेल असा. रॉइसनं दाताळं ओढलं, आणि जे दगड उलटले नव्हते तेही उलटले. पट्टा रुंद झाला.

"थांब," मॅक्सीन ओरडली. "थांब रे, थांब!"

मग आम्ही हातानं लावायला बसलो. मी, मॅक्सीन, कॉनी, ब्रोडी. एकेक दगड उचलायचा, काळी बाजू वर करायची, ठेवायचा. माती भुगा झाली होती, दगड बसेना. मी म्हातारी, पाय पसरून खालीच बसले आणि हाताला येईल तेवढं करत राहिले. थोड्या वेळानं मागे वळून बघितलं तर आमची ओळ कुठली आणि चाकोरी कुठली ते आंधळ्यालाही समजलं असतं.

मी लग्न होऊन आले तेव्हा हार्लननं मला पूर्वेच्या माळावर नेऊन दोन समांतर रेघा दाखवल्या होत्या. म्हणाला, युद्धाच्या वेळी रणगाड्यांचा सराव झाला तेव्हाच्या. मला वाटलं गेल्या आठवड्यातल्या असतील. त्यानंतर माझी मुलं झाली, नातवंडं झाली, हार्लन गेला. त्या रेघा आहेत. आमच्यापैकी कुणी त्या पुसलेल्या बघणार नाही.

मॅक्सीन उठली. हातातला दगड तिनं खाली ठेवला, काळी बाजू वर करून, अगदी नीट. "उपयोग नाही, आई," ती म्हणाली. "त्याला दिसणार. त्याला काय, कुणालाही." आणि ती पिकअपकडे चालत गेली. तिची पाठ मी तेवढी वाकलेली कधी बघितली नव्हती. कॉनी तिच्या मागे गेली. ब्रोडी मात्र गुडघ्यांवर तसाच दगड लावत राहिला. त्याला कुणी थांब म्हटलं नाही.

रॉइस माझ्याजवळ आला. उन्हं कड्यावर चढली होती आणि खोरं गार पडायला लागलं होतं. तो दाताळ्यावर टेकून उभा राहिला, आणि मग बोलला. त्याचं तो बोलला तसंच सांगते, मनचं घालत नाही.

"तो येणार नव्हता, आई. मी फोन केला होता आधी, कॉनीला माहीत नाही. म्हटलं ये घरी. तो म्हणाला, तिथे आहे काय? आणि मी म्हटलं, तुला खोऱ्यात गाडी घालायची होती ना लहानपणी? आजी घालू द्यायची नाही. ये, मी आकडा देतो. बंद व्हायच्या आधी एकदा. लगेच हो म्हणाला. आई, त्याचा आवाज किती बदलला! मग आपल्या आईला त्यानंच फोन केला. ती आठवडाभर गाणी म्हणत होती घरात. मला वाटलं एक गाडी. एक पोरगं, एक गाडी, ओढ्यातून जाईल आणि येईल, वारा सुटला की पुसलं जाईल. आणि टेबलावर... मी बोललो असतो तर कॉनीच्या देखत ते पोराच्या माथी आलं असतं. पहिल्याच दिवशी. तो पुन्हा आला नसता."

"म्हणून बहिणीच्या माथी येऊ दिलंस."

"तिला सवय आहे," तो म्हणाला, आणि शब्द तोंडातून बाहेर पडल्यावर त्याचे त्यालाच ऐकू आले. त्यानं टोपी आणखी पुढे ओढली.

मी हात वर केला. त्यानं मला उठवलं. मला उभं राहायला वेळ लागतो आणि तोवर मी कुणाला काही बोलत नाही. बसून निकाल द्यायची माझी पद्धत नाही. मग मी त्याला म्हटलं, मॅक्सीन ऐकेल, कॉनी ऐकेल, पलीकडे दगड लावणारं पोरगं ऐकेल इतक्या मोठ्यानं म्हटलं:

"पोरगं घरी यावं म्हणून आकडा दिलास, त्याबद्दल मी तुला बोलणार नाही. मीही आई आहे, मलाही मोह झाला असता. पण तुझी बहीण माझ्या टेबलावर चोर ठरत होती आणि तू वाढून घेत होतास. तर ऐक, रॉइस. तुझं कुलूप मी साखळीतून काढणार नाही. तेवढ्यावर सुटायचं नाही तुला. सोमवारी तो माणूस आला की मॅक्सीन घरात बसेल, आणि तू त्याला इथे आणशील आणि सांगशील, ही वाट माझी. ती खुली झाली की फाटक उघडायला माणूस लागेल. तो तू. ते येतील झेंडे लावून, दर सुट्टीला, मी असेपर्यंत आणि मी गेल्यावरही, आणि दर वेळी तू उतरशील, तुझ्या हातानं तुझं कुलूप काढशील आणि बाजूला उभा राहशील. ते तुला हात हलवतील. तूही हलवायचास. आभाराची माझी पाळी राहिली होती ना? तुझा बाप हे बघायला नाही, त्याबद्दल मी आभार मानते. आता टोपी काढ. टेबलावर काढली नाहीस ते राहू दे. इथे काढ, खाली माणसं गाडली गेलीत असं समज, आणि डोकं उघडं ठेवून मला गाडीपर्यंत घेऊन चल."